दात सोडलेली भिंत

मोतीलालला जाळून आल्यावर भय्याजीनं अंगणात आंघोळ केली, धोतर बदललं आणि तो पाटावर बसून पोटभर जेवला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या रुखमानं भात-वरण आणून दिलं होतं. असा घास माणूस कसाबसा गिळतो. या गृहस्थानं वरण दोनदा मागितलं, वर लोणचं आहे का तेही विचारलं. राधाबाई, त्याची बायको, वाढता वाढता त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. अहो, सख्खा लहान भाऊ गेला होता, आणि तोही काही परमुलखात नाही, भिंतीपलीकडे!

खरं सांगायचं तर भय्याजीलाही स्वतःचं नवलच वाटत होतं. आज नाही तर उद्या रडू येईल, असं त्यानं धरलं होतं. दहाव्याला तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, मोतीलालच्या पोरानं, पुतण्यांनी, लहान चुलतभावांनी डोकी भादरून घेतली. मोठा भाऊ लहान्यासाठी केस देत नसतो, तशी रीत नाही. म्हणून भय्याजी आपल्या पांढऱ्या केसांसकट बाजूला बसला आणि लोकांच्या टोप्या सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं. न्हाव्याचा वस्तरा, मातीत पडलेले ओले केस, कावळ्याची वाट पाहत ताटकळलेली माणसं, सगळं तो पाहत होता आणि आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला, धान कापून झालं, चुरून झालं, होळी गेली. माणूस खात होता, झोपत होता, धानाच्या बांध्यांवर चक्कर मारून येत होता. डोळ्यात टिपूस नाही.

गावाचं तोंड कोण धरणार? सानगडीसारखं मोठं गाव, बाजाराचं. "दगड आहे बाप्पा तो. वीस वरसं भावाशी बोलला नाही, आता काय रडन?" असं लोक म्हणायचे आणि ते फिरून भय्याजीच्या कानावर यायचं. त्याला राग यायचा नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला भीतीच वाटायची, की लोक खरं तर बोलत नसतील? आपण माणसातून उठलो तर नाही? एकदा छातीत काहीतरी तुटावं, एकदा भावाच्या नावानं हंबरडा फुटावा, एवढंच त्याला हवं होतं. राधाबाईजवळही तो हे बोलला नाही. बोलणार तरी काय, मला रडू आणून दे म्हणून?

आता या भावांचं बिनसलं कसं, तेही सांगून टाकतो. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा निघाला, त्याच साली हे दोघं वेगळे झाले. लोक पानठेल्यावर हसायचे, सरकारनं जिल्हा वाटला अन् यांनी बोडी. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, दोघांचं धान त्या एकाच बोडीच्या जिवावर. त्या वर्षी ऐन लोंबीच्या वेळी पावसानं दगा दिला, आणि मोतीलालनं भावाला न विचारता बोडीची पार फोडून पाणी आपल्या बांध्यांत घेतलं. भय्याजीचं धान पोचट निघालं. चूक मोतीलालचीच होती, त्यात वाद नाही. पण एका हंगामाची गोष्ट एका हंगामात संपवावी की नाही? भय्याजी कसला संपवतो! भर चौकात, चार माणसांसमोर त्यानं भावाला सुनावलं, "तुहा वाटा घे अन् घर बांध, नाही तं झोपडं टाक. पण तुही भिंत माह्या भिंतीले लागू देऊ नको!"

हे असं म्हणायलाही कारण होतं. ज्या घरात भय्याजी राहतो ते त्याच्या बापानं, ताराचंदनं बांधलेलं. गावात सगळी मातीची घरं, वर कवेलू, म्हणजे कौलं. ताराचंदला मात्र दगडाचंच घर पाहिजे होतं. टेकडीवरून बैलबंडीनं दगड आणून त्यानं हे घर उभं केलं, तेव्हा मोतीलाल अंगणात रांगत होता. पुढं या लहान्यालाही घर लागेल, असा विचार करून ताराचंदनं पूर्वेकडच्या भिंतीतून, कोपऱ्यापासून जरा आत, दर थराआड एक लांब दगड हातभराहून जास्त बाहेर काढून ठेवला. मिस्त्री लोक याला दात सोडणं म्हणतात. शेजारी दुसरं घर उठवायची वेळ आली की नवी भिंत या दातांत अडकवायची, म्हणजे दोन्ही घरं एकमेकांना धरून राहतात. ती पूर्वेकडची भिंत उद्या मधली भिंत होणार होती. मधल्या भिंतीला कुठला आला वारा अन् पाऊस? म्हणून तिचा पायवाही त्यानं बेताचाच खोदला. बाकी तिन्ही भिंती कमरेइतक्या खोल, ही गुडघ्याइतकी.

आणि मोतीलालनं काय केलं? भावानं सांगितलं तसंच केलं. बापाच्या भिंतीपासून हातभर जागा सोडून त्यानं स्वतःची वेगळी दगडी भिंत उठवली आणि तिच्यामागं आपलं घर. ते बांधकाम चाललं तेवढे दिवस भय्याजी शेतातल्या खोपडीत जाऊन राहिला, भावाचं घर उठताना पाहायला नको म्हणून. राधाबाई बाळंतपणाला माहेरी अर्जुनीला गेलेली. घर बांधून झाल्याचं कळल्यावर भय्याजी संध्याकाळचा गावात आला, दोन भिंतींमधल्या त्या बोळकांडीच्या तोंडाला त्यानं टिनाचा पत्रा लावला आणि वरपासून खालपर्यंत खिळे ठोकले. मागचं तोंड त्याच्या गोठ्यानं बंद होतंच. आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. मान वाकडी करून पाहायला कितीसा वेळ लागतो? पण नाही पाहिलं.

तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. मोतीलालची बायको बायजाबाई तर भय्याजीशी आधीही बोलत नव्हती. आमच्या इकडे लहान भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी बोलत नाही. तो समोर आला की डोक्यावर पदर ओढून बाजूला होते. सांगायचंच झालं काही, तर तिसऱ्याच्या तोंडून सांगते. त्यामुळे बायजाबाईच्या न बोलण्यात भांडण किती आणि रीत किती, हे कोणालाच कळायचं नाही. राधाबाई आणि ती मात्र बोरिंगवर भेटायच्या, घागर भरेपर्यंत इकडचं तिकडचं बोलायच्या. भय्याजीला ते माहीत होतं. तो माहीत नसल्यासारखा राहायचा.

तर मोतीलाल गेला तो रोवण्याच्या दिवसांत, छातीत कळ येऊन, चिखलातच. पुढच्या वैशाखात राधाबाई घागर घेऊन घरात आली ती निरोप घेऊनच.

"आयकलं का? बायजाचं घरकुल आलं. जुनं घर पाडून राहिली ते. म्हणे, भासऱ्याईले सांगा, आपली भिंत सांभाळून घ्या म्हणा."

"पाडू दे," भय्याजी म्हणाला.

"अवो, मोतीलालचं घर होय ना ते!"

"मंग? मी का अडवून राहिलो?"

राधाबाईनं घागर ठेवली. भय्याजी ओट्यावर येऊन बसला. भावाचं घर पडणार. त्यानं ते मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. काहीच झालं नाही, पानठेल्यावर कोणी परक्या गावची बातमी सांगावी तसं ते आलं आणि गेलं. मग त्यानं वर मान करून आपल्याच घराकडे पाहिलं. दगडांच्या सांध्यांतला चुना झडून गेला होता, दोन ठिकाणी पिंपळ उगवला होता, पश्चिमेच्या भिंतीतून एक दगड जरा बाहेर आला होता. आता ही बाहेरची सगळी डागडुजी एकदाच उरकून टाकावी, असं त्यानं ठरवलं. मनाला काही सुचत नसलं की हातांना काम द्यावं, एवढी अक्कल त्याला होती.

दगडाचं काम करणारे मिस्त्री आता राहिलेत कुठे? सगळे विटा-सिमेंटवाले. शेवटी पवनीहून सोमाजी मिस्त्रीला बोलावलं. सोमाजी बोलका माणूस, पण काम सुरू झालं की तोंड बंद. दगडांच्या फटींतली माती तो अणकुचीदार सळईनं खरडून काढायचा, फट पाण्यानं धुवायचा, मग मळलेला चुना आत कोंबून त्यात दगडाच्या बारीक चिपा ठोकायचा. भय्याजी त्याला पाणी आणून द्यायचा, चुना मळून द्यायचा. हे काम त्याला मानवलं. बोलावं लागत नव्हतं, आणि भिंतीला कोणी विचारत नव्हतं, बाई गं, तू रडलीस का म्हणून. दक्षिणेची भिंत झाली, पश्चिमेची झाली, निसटलेला दगड पुन्हा बसला, मागची झाली. पलीकडे बायजाबाईच्या घरावरचे कवेलू उतरवायला सुरुवात झाली होती. ती सावकाश, एकेक करून, न फोडता उतरवून घेत होती, नव्या घराच्या सपरीला, म्हणजे पडवीला होतील म्हणून.

राहिली पूर्वेची.

"हा पत्रा कायले ठोकला जी?" सोमाजीनं विचारलं.

"ठोकला. काढ."

खिळे इतके गंजले होते, की पत्रा निघाला आणि खिळ्यांची टोकं भिंतीतच राहिली. आत वर्षानुवर्षांचा पालापाचोळा, उंदरांची घरटी, सापाची कात, प्लास्टिकच्या पिशव्या. सोमाजीनं लांब बांबूला आकडी बांधली आणि अख्खी सकाळ तो कचरा ओढत बसला. अंगणात हा ढीग झाला. माणूस आत शिरेल इतकी ती जागाच नव्हती, फार तर एक खांदा.

"तोंडाशी सांधे भरून घे," भय्याजी म्हणाला. "अन् आत बाबानं दात सोडले आहेत, ते छाटून टाक. लांब छन्नी आण, नाही तं लोखंडी सब्बल आण, कसे बी छाट. तिकडचं घर पडलं का आपली भिंत सपाट दिसली पाहिजे."

"बाबानं सोडलेले होत ना जी?"

"म्हणूनच छाट म्हणतो."

हे तो का म्हणाला, ते मी सांगतो, कारण तो स्वतः कोणाला सांगणार नव्हता. त्याला वाटलं, बापानं भावासाठी ठेवलेली ही शेवटची गोष्ट. हिच्यावर घाव बसल्यावर तरी आत काही होईल. दुखेल. दुखलं म्हणजे झालं, मग आपण माणसांत आहोत. अशा आशेनं तो माणूस तिथं उभा होता, दुसऱ्या कशासाठी नाही.

बोळकांडीत अंधार होता. सोमाजीनं राधाबाईचा कुंकू लावायचा आरसा मागून घेतला, उन्हात धरला आणि उजेडाचा कवडसा आत टाकला. एक खांदा आत घालून, मान तिरपी करून तो पाहू लागला. बराच वेळ पाहत राहिला.

"अरे बाप्पा!" तो आतूनच म्हणाला.

"काय झालं? जनावर आहे का?"

"जनावर नाही जी. तुमी या, पाहा."

"मिस्त्री तू आहेस. तूच पाह्य अन् छाट."

"छाटू कसे? दात मोकळे कोठी आहेत भय्याजी? तिकडच्या भिंतीत गेले आहेत ना!"

भय्याजीला ते समजलंच नाही. सोमाजी खांदा बाहेर काढून, कपाळावरची जाळी पुसत त्याला समजावून सांगू लागला. तिकडची भिंत बांधणाऱ्यानं एकेका दातासमोर आपल्या भिंतीत खाच सोडली होती. दात नेमका त्या खाचेत, आणि भोवती चिपा ठोकून चुना भरलेला. वरपासून खालपर्यंत एकही दात त्यानं सोडला नव्हता. भिंत हातभर दूर होती, पण तिनं या भिंतीचे सगळे दात धरून ठेवले होते.

"हे आपोआप नाही होत," सोमाजी म्हणाला. "बसून, निगुतीनं केलं आहे कोणी."

"होऊच शकत नाही," भय्याजी म्हणाला. "मी सांगलं होतं त्याले, भिंत लागू देऊ नको म्हणून."

सोमाजीनं थैलीतून ओळंब्याची दोरी काढली. शिडी लावून त्यानं कोपऱ्यावरून ओळंबा सोडला. वरच्या दगडाला दोरी चिकटली, खालच्या दगडापाशी भिंत आणि दोरी यांच्यात चांगली चार बोटं तफावत. भिंत पूर्वेकडे झुकली होती.

"पायवा उथळ आहे का हिचा?"

"मधली भिंत होणार होती ते."

"मंग बरोबर. ते केव्हाची कलली आहे. पडली काहून नाही, तं तिकडच्या भिंतीनं धरून ठेवली. आता तुमी दात छाटा, नाही तं तिकडून ते घर पाडा, एकच आहे. हे भिंत, वरचे लाकडी फाटे, कवेलू, सारं तुमच्या अंगावर येते."

भय्याजीनं शिडीशी येऊन दोरी स्वतः धरून पाहिली. तेवढ्यात कुंपणापलीकडून पदराचा काठ दिसला. बायजाबाई कवेलूंच्या रांगेजवळ पाठमोरी उभी होती, डोक्यावर पदर ओढून. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मिस्त्री," ती सोमाजीला म्हणाली, पण चांगल्या खणखणीत आवाजात, "सांगा त्याईले. त्याईचा भाऊ म्हणे, दादानं भिंत लागू देऊ नको म्हटलं, तं नाही लावली मी. दात लागू देऊ नको असं कोठी म्हटलं? अन् दात दादाचे नाही होत, बाबाचे होत. माह्यासाठी सोडले. मी ते उघडे काहून ठेवू?"

अस्सा होता मोतीलाल! भय्याजीला क्षणभर त्याचा आवाजच ऐकू आला, तोंड वाकडं करून, डोळे बारीक करून केलेला तो वकिली युक्तिवाद. लहानपणी आंबे चोरून आणल्यावर तो बापासमोर असाच उभा राहायचा, झाड आपलं नाही पण पडलेला आंबा तर जमिनीचा ना, म्हणायचा.

"विचार," भय्याजी सोमाजीला म्हणाला, "विचार तिले, आमाले काहून नाही सांगलं?"

सोमाजी तोंड उघडणार, तोवर उत्तर आलंसुद्धा.

"मी कशी सांगू? मी भासऱ्याशी बोलतो का? अन् राधाबाईले सांगू म्हटलं, तं घरच्याईनं मले शपथ घातली. म्हणे, दादा लय हट्टी. त्याले कळलं तं तो माहा उपकार नको म्हणून आपल्या हातानं दात छाटन अन् भिंत पोराबाळांच्या अंगावर घेईन. त्याईनं पत्रा ठोकला ना, त्या दिवशी हे घरात बसून हासले. बरं झालं म्हणे, पाहिलंच नाही त्यानं."

भय्याजीच्या हातात चुन्याचं घमेलं होतं, ते त्यानं खाली ठेवलं. आत्ताच, थोड्या वेळापूर्वी, तो सब्बल आण म्हणाला होता.

"अन् हेबी सांगा," बायजाबाईचा आवाज जरा खाली आला, "घर मी पाडीन, पण हे भिंत नाही पाडत. घरच्याईनं सांगून ठेवलं होतं. माहं घरकुल थोडं लहान होईन, होऊ द्या. घर पाडताना हिसका बसते, म्हणून सांभाळा असा निरोप देला होता मी. दुसरं काही नाही."

गावातल्या जुन्या माणसांना हे दिसलं नसेल का? बांधताना रस्त्यानं जाणाऱ्याला दिसलंच असणार. पण मोतीलालचं नाव निघालं की भय्याजी ओट्यावरून उठून जायचा. अशा माणसाला सांगणार कोण, आणि कशाला?

भय्याजीनं चुन्याचे हात धोतराला पुसले. त्यानं स्वतःच्या आत पाहिलं, आता तरी काही आहे का तिथं. काही नव्हतं. सगळं त्याला कळत होतं, आणि अजून काही नव्हतं. मग त्याला स्वतःचाच असा काही कंटाळा आला, की तो सोमाजीला म्हणाला, "चाल. तिकडून पाहू."

कुंपणाला वळसा घालून तो भावाच्या अंगणात शिरला. या अंगणात तो भावाची तिरडी उचलायला आला होता तेवढाच, आणि तेव्हाही दाराबाहेर उभा राहिला होता. बायजाबाई बाजू देऊन सैपाकघरात निघून गेली. वरचे अर्धे कवेलू उतरवल्यामुळे खोलीत ऊन पडलं होतं. सामान हललेलं, देवाची फळी रिकामी. पश्चिमेच्या भिंतीला टेकून एक खाट मात्र होती तशीच होती.

आणि त्या भिंतीला भेग होती. वरच्या वाशापासून निघून ती थेट खाटेमागं उतरली होती. तिच्यात चुना भरलेला होता, एकदा नाही, पुष्कळदा. एका वर्षीचा चुना फाटला की त्यावर दुसऱ्या वर्षीचा, कुठे पांढरा, कुठे पिवळट, कुठे नुसती माती. सोमाजीनं बोट फिरवलं.

"वजन आलं ना जी हिच्यावर," तो हळूच म्हणाला. "दोन भिंतींचं वजन एकीवर. बिचारी फाटत गेली."

म्हणजे बापाच्या घरात भय्याजी निवांत झोपत होता आणि इकडे मोतीलालचं घर चिरत होतं. दर दिवाळीच्या आधी मोतीलाल इथं उभा राहून चुना भरत असणार. पलीकडे भय्याजीला थापीचा आवाज तरी आला असेल का? आला असेल. त्यानं खोकून कूस बदलली असेल.

खाटेच्या वर, बसल्या माणसाचं डोकं टेकतं तिथं, भिंतीवर एक काळसर तेलकट डाग पडला होता. रोज एकाच जागी डोकं टेकून टेकून पडतो तसा. त्याच्याखाली पाठीनं घासून चोपडा झालेला चुना.

सैपाकघरातून बायजाबाई बोलली. सोमाजीला की चुलीला, कोण जाणे. "तठीच बसत. जेवण झालं का पाठ लावून बसत. मी म्हणो, खाट सरकवा, भेग आहे, एखादा दगड डोक्यात पडन. तं म्हणत, मी उठलो तं दादाची भिंत येते. मी पाठीनं धरून ठेवली आहे. अन् हासत."

भय्याजी खाटेवर बसला. दोघं भाऊ उंचीला सारखेच. त्यानं पाठ भिंतीला लावली आणि डोकं मागं टेकलं, तर ते बरोबर त्या डागावर टेकलं. दगड गार होता. त्याला तेलाचा वास आला, मोतीलाल आयुष्यभर लावायचा त्या करडीच्या तेलाचा. आणि मग भय्याजी रडला. आधी नुसता घशातून आवाज निघाला, पाणी अडकल्यासारखा. त्यानं तोंडावर पंचा दाबून धरला, पण ते थांबणारं नव्हतं. "लहान्या," तो म्हणाला, "अबे लहान्या. काहून नाही सांगलं बे मले? एकदा शिव्या तरी द्यायच्या होत्या!" साठीचा माणूस, पण लहान पोरासारखं नाकातोंडातून पाणी वाहत होतं. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि आल्यावर कळलं की ते इतकं दुखतं. राधाबाई धावत आली, दारातच थांबली आणि तिनं त्याला उगी म्हटलं नाही. बायजाबाईनं पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत सरकवला आणि पदरानं तोंड झाकून तीही आत रडत बसली.

सोमाजी बिचारा हातात ओळंबा घेऊन उभा. परक्याच्या घरात असं कुठं पाहावं ते त्याला कळेना, म्हणून तो भिंतीकडेच पाहत होता. शेवटी रडणं जरा बसलं तेव्हा तो बोलला.

"भय्याजी, दोन्ही भिंती वाचतीन. लाकडाचे टेकू लावू, भिंतीच्या पोटात लांब दगड घालू, मधल्या जागेत गिट्टी-चुना भरून टाकू, म्हणजे दोन्हीची एकच होते. पण काम एकावेळी एकाच भिंतीचं होईन. पहिले कोणची घेऊ? तुमची जास्त कलली आहे."

भय्याजीनं पंच्यानं तोंड पुसलं. भिंतीला लावलेली पाठ मात्र त्यानं हलवली नाही.

"पहिले मोतीलालची घे," तो म्हणाला. "माही मंग. जाय, लाकडं आण. तू येतवरी मी बसतो अठी."